काठावर राहिलेली पिशवी

आत्या,

तुमची पिशवी रविवारपर्यंत फळीवर तशीच होती. अर्धी फळीवर, अर्धी भोकावर लोंबकळत, तुम्ही टाकली तशी. कोणी हात लावला नाही. तुमच्या भाच्याकडचे पाहुणे आले, गुरुजी आले, मागच्या अंगणात सतरंज्या पडल्या, चहा फिरला, पण त्या फळीला सगळे असे वळसा घालून जायचे, जसं तिथं कोणी झोपलंय. मी रोज दिवेलागणीला तुमचं मागचं दार उघडायचे आणि हलक्या हातानं पिशवीवर मोठं घमेलं पालथं घालायचे. पौषातलं इथलं दव तुम्हाला माहीत आहे. पिशवीत मटकी आहे. ती भिजली तर काय होतं, हे तुमच्यामाझ्याइतकं या झाशीत दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

तुम्ही गेल्यापासून मला नावानं कोणी हाक मारलेली नाही. आमचे हे "ऐकलं का" म्हणतात. गुड्डन भैया "भौजी" म्हणतात. दूधवाला "आंटी" म्हणतो, त्याला मी कितीदा सांगितलं की मी तुझ्याच वयाची आहे. गावाहून आई फोनवर "पोरी" म्हणते. एवढ्या मोठ्या शहरात शालन ही फक्त तुमच्या अंगणात राहत होती. आता ती कुठं राहते, मला माहीत नाही.

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुम्ही मला पहिली हाक मारलीत, त्या वेळी माझी पेटी भरलेली होती. विट्याकडच्या त्या कोरड्या गावातून मी लग्न होऊन आले. सातवीत शाळा सुटलेली, हिंदी फक्त टीव्हीवर ऐकलेली. हे सकाळी मानिक चौकातल्या गलाईच्या दुकानात जायचे, सोनं-चांदी गाळायला, आणि संध्याकाळी पिवळी बोटं आणि तेजाबाचा वास घेऊन परत यायचे. मधला सगळा दिवस मी आणि वरची खोली. भाजीवाल्याशी बोलायची भीती. गॅस बंद केला का, याची भीती. जिन्यात पाऊल वाजलं की भीती. मी ठरवलं होतं, यांना म्हणायचं, मला गावाला पोचवा, मला इथं जमत नाही. तेवढ्यात खिडकीत वानर आलं आणि वाळत घातलेला माझा परकर ओढायला लागलं. मी त्याला आमच्याकडच्या चार अस्सल शिव्या घातल्या.

खालून तुमचं हसणं आलं. मग तुमचा आवाज.

"ए मुली, इथल्या वानराला मराठी समजत नाही. त्याला हिंदीत सांग!"

मी खिडकीतून मागे सरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लपतेस काय? शिलाई येते का तुला?"

"येती," मी भिंतीला सांगितलं.

"मग खाली ये. दार उघडं आहे."

खाली तुमच्या अंगणात ती फळी होती. पुण्याहून आलेल्या तुमच्या भाच्यानं, मंदारनं, सुताराकडून करून घेतलेली. एका बाजूनं उतरती, वरच्या टोकाला ताटलीएवढं गोल भोक. तो सांगत होता, त्याच्या ऑफिसच्या गच्चीवर साहेबलोक दुपारी हाच खेळ खेळतात, कॉर्नहोल म्हणतात, लांबून पिशव्या टाकायच्या, भोकात गेली तर तीन, फळीवर राहिली तर एक, एकवीसला डाव. हुशार पोरगा, फळी केली आणि पिशव्यांचं विसरला. तुम्ही जुना निळा पडदा माझ्या हातात दिलात. मी माझ्या पेटीतून खणाचे तुकडे काढले. आत भरायला काय, तर आईनं बांधून दिलेली मटकी. पेटी त्यासाठी उघडली, आत्या. पुन्हा भरली नाही.

निळ्या तुमच्या, खणाच्या माझ्या. तेव्हापासून तेच.

रेल्वेच्या ऑफिसात सगळी नोकरी काढलेली तुमच्यासारखी बाई, साठी उलटल्यावर अंगणात पदर खोचून पिशव्या टाकते, हे बघायला आधी गल्ली जमली. मग गल्ली खेळायला लागली, तशी अंगणात दुसरी फळी आली. मी आत्या म्हणायचे तसं तुम्हाला सगळे बुआजी म्हणायचे, त्यामुळे बुआजींच्या आँगनमध्ये यायला कोणाला संकोच नव्हता. कॉर्नहोल हे नाव कोणाच्या जिभेवर बसेना. गुड्डन भैयांनी त्याचं थैली-तख्ता केलं. त्यांचा टेंट हाउसचा धंदा, त्यांनी पहिल्याच रविवारी ओळखलं की हे लग्नात चालेल. हळदीच्या दिवशी मुलीकडचे विरुद्ध मुलाकडचे! मग तख्ते लॉनवर गेले, शाळेच्या मैदानात गेले, आपल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात गेले. तिथं बायका वाण बाजूला ठेवून नेम धरत बसल्या. चिरगाँवचा एक मिठाईवाला फळी बसच्या टपावर बांधून घेऊन गेला, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी मागायला आला, कारण गिऱ्हाइकं पहिली सोडत नव्हती. पिशव्या सगळ्या मी शिवायचे. तुम्ही मला न विचारता सांगून टाकलं होतं, "शालन शिवेल. तिची शिलाई उसवत नाही."

मी रात्री यांना म्हटलं, "बघा, न विचारता सांगितलं." हे म्हणाले, "मग उसवते का तुझी शिलाई?"

आणि ती उसळ. आज पहिल्यांदा ती आठवून हसू आलं, म्हणून लिहिते. पिशव्या मातीनं मळल्या होत्या. मी त्या बादलीत बुडवून धुतल्या. खणाचा रंग जाईल म्हणून साबण लावला नाही. पिळल्या, घमेल्यात रचल्या, माश्या नकोत म्हणून वर ओलं फडकं टाकलं. श्रावणातली दमट हवा. दोन दिवसांनी फडकं काढलं तर निळ्या कापडातून पांढरी शेपटं बाहेर आलेली. मी तिथंच रडायला बसले. तुम्ही आलात, पिशवी नाकाशी धरलीत, आणि असा काही आनंद तुमच्या तोंडावर पसरला की मी रडायचं थांबवलं.

"अगं, ही तर अव्वल मोड आलेली मटकी आहे! उसव सगळ्या."

"आत्या, लोकांच्या पायाखालच्या पिशव्या त्या."

"पिशव्या पायाखाली होत्या. मटकी आत होती. ओगराळं कुठं ठेवलंस?"

किती पाण्यांतून धुतलीत ती, आणि वर नारळ, गोडा मसाला. ओगराळं म्हणजे तुमच्या घरातला खोल डाव. आमच्याकडं हा शब्द कोणी बोलत नाही, तुमच्याकडंच ऐकला. रविवारी गुड्डन भैयांना वाटीभर उसळ दिलीत आणि संपल्यावर सांगितलंत कशाची ते. ते वाटीकडे बघत राहिले.

"काय बुआजी, हमाई हार-जीत सब हमईं को खिला दई?"

त्यानंतर बाहेरच्या कामाला बिजौलीच्या कारखान्यातला प्लॅस्टिकचा दाणा आला. तुम्ही त्याला हात लावून तोंड वाकडं केलंत. अंगणातल्या आठ पिशव्यांत मटकीच राहिली. "हाताला कळतं," एवढंच तुमचं म्हणणं.

बिजौलीवरून आठवलं. त्याचा राग माझ्या मनात फार दिवस होता, तुम्हाला माहीत होतं. तिथल्या कारखान्याचा वार्षिक कार्यक्रम, दोन तख्ते मांडलेले, समोर खुर्च्यांवर माणसं. साहेबांनी विचारलं, रूल कौन समझाएगा? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पर्समधून लवंग काढून तोंडात टाकलीत आणि घशाकडे बोट दाखवलंत. सकाळी तुमचा घसा ठणठणीत होता, तुम्ही टेम्पोवाल्याशी भांडला होतात! कोणीतरी माईक माझ्या हातात दिला. तुमचा पदर माझ्या मुठीत होता. "दो तख्ते हैं," मी म्हटलं, आणि पुढचं सगळं विसरले. मग आलं कुठून तरी. छेद में तीन, तख्ते पे एक, लकीर नाघना नहीं. 'लांघना' म्हणायचं होतं, रेघ ओलांडायची नाही असं. कोणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या. एक बाई मला मॅडम म्हणाल्या.

परत येताना टेम्पोत मी तुमच्याशी बोलले नाही.  किल्ल्याच्या चढाशी तुम्ही म्हणालात, "नाराज आहेस?"

"मला ढकललंत तुम्ही."

"ढकललं. टाळ्या कोणाला मिळाल्या?"

मी बाहेर बघत बसले. आता वाटतं, तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. नुसतं "व्हय" जरी म्हटलं असतं.

मला चारचौघांत खेळायला लावणं मात्र तुम्हाला जमलं नाही. मी पिशव्या शिवायचे, गोळा करायचे, चहा करायचे. लोकांसमोर कधी टाकली नाही. नेम चुकेल, कोणी हसेल, हात आखडायचा. म्हणून आपला डाव लोक गेल्यावर. तुम्ही नळाच्या कट्ट्याशी, मी तुमच्या शेजारी, आणि अंगणात चिमण्यांचा शेवटचा कालवा. "तू जात्यात मूठ सोडल्यासारखी टाकतेस," तुम्ही म्हणायचात. "जपून. दाणा सांडेल अशी. अगं, सोड ना हात! चुकली तर पुन्हा टाक." प्रत्येक वेळी शेवटी तेच. शालन, पुन्हा टाक. मग आत जाऊन चहा, आणि मी तुम्हाला मासिक वाचून दाखवायचं, कारण तुमच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. सातवीपर्यंतचं माझं वाचन तुमच्या त्या खोलीत पुढं गेलं. हे पत्र मी लिहू शकते, तेही त्यामुळेच.

आणि आपलं भांडण. ते मिटलंच नाही. तुमची पिशवी भोकाच्या काठावर असली आणि माझी येऊन तिला आत ढकलून गेली, तर तीन गुण तुम्हाला. मी म्हणायचे, हा कुठला न्याय?

"ढकललं मी. नेम माझा. गुण तुम्हाला?"

"नियम आहे. कोणी ढकललं ते कोण विचारतं? आत कोणाची गेली ते बघतात."

"मग ढकलणारीला काय मिळतं?"

"ढकलायला मिळतं," तुम्ही म्हणायचात आणि हसायचात, ते तुमचं मोठं, गल्लीपर्यंत जाणारं हसणं. मला त्या उत्तराचा राग यायचा. मी चहात साखर कमी घालायचे. तुम्ही उठून घालून घ्यायचात. हट्टी होतात तुम्ही, आत्या. कोणाचं ऐकलं नाहीत. डॉक्टरांचं तर नाहीच.

त्या संध्याकाळी तुम्ही अठरावर होतात, मी एकोणीसवर. जिंकायच्या एवढी जवळ मी कधी आले नव्हते. तुमची शेवटची निळी पिशवी घसरत गेली आणि काठावर थांबली. माझ्या हातात एक राहिली होती. भोक पूर्ण झाकलेलं नव्हतं, बाजूला जागा होती. नीट टाकली असती तर डाव माझा. तुमच्या पिशवीला लागली असती तर तुमचा. मी हात मागे नेला आणि तसाच धरून ठेवला.

"थांब," तुम्ही म्हणालात. "अंधार झाला. मला दिसत नाही आता. तू जिंकलीस तर मला बघायचंय. उद्या उजेडात टाक."

"आत्ता टाकते की."

"कशाला घाई? फळी कुठं पळते?"

मी पिशवी कट्ट्यावर ठेवली. चहा झाला, तुम्ही अर्धाच प्यायलात, थकल्यासारखं वाटतं म्हणालात. सकाळी दूधवाला हाका मारत राहिला. मी वरून ऐकत होते. तुम्ही उठला नाहीत.

सगळं आटोपल्यावर मंदारनं किल्ली माझ्या हातात दिली. "वहिनी, घराचं काय करायचं ते पुढच्या सुट्टीत बघतो. तोवर झाडांना पाणी घाला. रविवारचं तुम्ही ठरवा." मी ठरवायचं! आयुष्यात मी कोणतं दार आधी उघडलंय? शनिवारी गुड्डन भैया आले, फळीजवळ जाऊन उभे राहिले, डोळे पुसले. चांगला माणूस आहे. म्हणाले, बुआजींविना हे आँगन बघवत नाही. कल टेम्पो लाते हैं, दोनों तख्ते अपने लॉन पर रखवा देते हैं, सब वहीं खेलेंगे, आप भी आइए न भौजी.

मी मान हलवली. नाही म्हणायचं होतं आणि मान हो अशी हलली. तुम्ही असता तर ओरडला असतात.

ते गेल्यावर मी घरात हिशेब करत बसले, की तख्ते गेले तर काय जातं. तुमचं घर बंद होईल. अंगणात गवत वाढेल. मी वर खिडकीत बसेन. पिशव्या शिवेन, कोणीतरी येऊन घेऊन जाईल, आणि मला खाली यायचं कारणच उरणार नाही. लॉनवर मी जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिथं माझं काय आहे? ती पेटी पलंगाखाली अजून आहे, आत्या. माझी नजर तिच्यावर गेली. यांनी ते बघितलं. हे फार बोलत नाहीत. म्हणाले, "किल्ली तुझ्याकडं आहे ना? मग दार तूच उघडायचं किंवा नाही उघडायचं."

रविवारी दार मी उघडलं. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. गल्लीतले नेहमीचे सगळे आले होते, कडेनं उभे, हळू आवाजात बोलत. गुड्डन भैयांनी घमेलं उचललं आणि पिशवी बघून थबकले.

"भौजी, इसे हटाएँ?"

"नहीं," मी म्हटलं.

एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि पुढं काहीतरी बोलणं भाग होतं. पदर धरायला कोणी नव्हतं. माझ्याच पदराचं टोक मुठीत धरलं. "ये बाज़ी आधी है," मी म्हटलं. "बुआजी की और मेरी. मेरी बारी बाकी है."

"काय, आप खेलती हो?" गुड्डन भैयांना खरंच माहीत नव्हतं.

"खेलती हूँ."

कट्ट्यावरची खणाची पिशवी घेतली. नळाशी उभी राहिले. हात दोनदा पुसला. कोणीतरी मागून म्हणालं, आराम से, भौजी. भोकाची मोकळी बाजू दिसत होती. भर सकाळ होती, स्वच्छ ऊन, तुम्हाला हवा होता तसा उजेड. मी तिकडे नेम धरला होता का, की तुमच्या पिशवीवर? मला विचारू नका. विचारलंत तरी सांगता येणार नाही. हात मात्र सोडला, आत्या. दाणा सांडेल याची पर्वा न करता सोडला.

पिशवी फळीच्या मध्यावर पडली, घसरत वर गेली, तुमच्या पिशवीला लागली. तुमची आत गेली. माझी तिच्या जागी काठावर थांबली.

गुड्डन भैयांनी वाकून भोकात बघितलं. मग विचारलं, "तो... पॉइंट किसका हुआ?"

मी हे भांडण तुमच्याशी किती दिवस भांडले होते! ढकललं मी, नेम माझा.

"बुआजी का," मी म्हटलं. "तीन. इक्कीस. बुआजी जीतीं." काठावरचा माझा एक गुण मिळूनही मी विसावर. मग माझा आवाज मला अनोळखी वाटेल इतका मोठा निघाला. "तख्ते कहीं नहीं जाएँगे. खेल यहीं होगा, हर इतवार. पहले कौन खेलेगा?"

टेम्पो रिकामा परत गेला. गुड्डन भैया पहिल्या डावात हरले आणि नेहमीप्रमाणे वाऱ्याला दोष देत बसले. चहा मी केला. दुपारपर्यंत अंगण भरलेलं होतं, आणि मला सारखं वाटत होतं की तुम्ही आत ओगराळं शोधताय, आत्ता बाहेर याल.

संध्याकाळी सगळे गेले. मी फळ्या पुसल्या. तुमच्या निळ्या पिशव्या वेगळ्या काढल्या, चाचपून बघितल्या. कोरड्या होत्या. मग आठवलं, जो जिंकतो तो पुढच्या डावाची पहिली पिशवी टाकतो, हाही नियम तुमचाच. म्हणजे बारी तुमची होती. मी नळाच्या कट्ट्याशी उभी राहिले. थोडा वेळ वाट बघितली. चिमण्या ओरडून गप्प झाल्या. मग तुमची पिशवी मी तुमच्या वतीनं टाकली. फळीच्या पार बाजूला, तुमच्या झेंडूत जाऊन पडली.

मी ती उचलून आणली. माती झटकली. आणि मोठ्यानं म्हटलं, अंगणात कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं,

"शालन, पुन्हा टाक."